माटीवरचा कंदीलकिडा

"हलू नको हं राजा. अस्सं. जरा इकडे मान कर. शहाणा माझा तो!"

मी पडवीत चहाची वाट बघत बसलो होतो आणि हे शब्द मागच्या परसातून आले. आवाज माझ्या बायकोचा. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेली. एवढ्या काळात मला कोणी राजा म्हटल्याचं आठवत नाही. शहाणा म्हटलंय, पण त्याचा सूर वेगळा होता. तेव्हा हा राजा कोण ते बघायला मी उठून मागे गेलो.

ही फणसाच्या खोडाला नाक लावून उभी होती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातानं मला 'तिथंच थांबा' अशी खूण. खोडावर एक किडा बसला होता. अंगठ्याच्या पेराएवढा, करडा, अंगावर ठिपके. नाकाच्या शेंड्यातून एक तांबूस काडी वर वळून आलेली आणि मागे कापसाचा पांढरा पुंजका. कोणी लग्नाला निघावं आणि घाईत धोतराचा सोगा मागे सुटलेला राहावा, तसा.

"चहा?" मी विचारलं.

"गॅसवर आहे, घ्या ओतून. आणि हळू बोला ओ, उडेल तो."

मी चहा ओतून घेतला. साखर घालायला विसरलो. त्या दिवसापासून आमच्या घरातली साखर माझ्या वाट्याला जरा कमीच आली असं म्हणायला हरकत नाही.

दोष मोबाइलचा. आमचा मुलगा जहाजावर असतो. मागच्या खेपेला तो येताना आईला चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन आला. "आई, घरचं काहीबाही पाठवत जा," म्हणाला. हिनं पहिल्यांदा जास्वंद पाठवली, मग मांजर, मग मला पाठवलं. त्यावर मुलाचं काही उत्तर आलं नाही. मग हिनं तो फणसावरचा किडा पाठवला, आणि तिकडून धडाधड निरोप. आई, हा कुठे मिळाला? आई, अजून काढ. त्यानं तो फोटो किडे बघणाऱ्या लोकांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका प्राध्यापकांचा फोन आला. "मॅडम, फार सुंदर नोंद आहे तुमची."

मॅडम! मी रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघतो. तिथं मला लोक 'ओ बर्फवाले' म्हणतात. संध्याकाळी स्कूटरवरून घरी आलो की अंगाला मासळीचा आणि अमोनियाचा वास असतो आणि ही लांबूनच म्हणते, "आधी न्हाणीत." आता घरात एक मॅडम आणि एक बर्फवाला राहू लागले.

किड्याचं नाव कंदीलकिडा, असं त्या प्राध्यापकांनी सांगितलं. मग महिनाभर आमच्याकडे 'सर' हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडू लागला. सर म्हणतात ही माशी नव्हेच. सर म्हणतात हे झाडाच्या सालीत नळी खुपसून रस पितात. सर म्हणतात पावसाळ्यात नीट बघा. मी मनातल्या मनात या सरांना सहा फूट उंची, दाट केस आणि आकाशवाणीवरच्यासारखा आवाज देऊन ठेवला होता. एकदा हिनं ग्रुपवरचा त्यांचा फोटो दाखवला. ते माझ्याहून टकले निघाले. त्या दिवशी मला एक भाकरी जास्त गेली.

पण त्यानं फार काही साधलं नाही, कारण किडे वाढतच गेले. मला वाटलं होतं, कंदीलकिडा म्हणजे एक किडा. छे! ते एक अख्खं खानदान निघालं. काडीवाला आमच्या फणसावर. काचेसारख्या पंखांचा आणि त्यावर शाईचे थेंब उडालेला एक जण गोठ्यामागच्या सावरीवर. तो चुलत घराण्यातला. झाडाच्या सालीचाच रंग घेतलेला, चपटा, सरळ नाकाचा एक. तो समोर असून मला पाचदा बोट दाखवल्यावर दिसला आणि दिसल्यावरही मी केवळ भीतीपोटी "हो हो" म्हटलं. आणखी एकाच्या पंखांच्या मागच्या टोकाला डोळ्यांसारखे ठिपके, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं तोंड इकडे आहे, आणि हा पठ्ठ्या पळणार भलतीकडेच. आमच्या कारखान्यात असा एक माणूस आहे. हा मात्र सख्ख्यातला नव्हे, सोयरिकीतला, असं ही म्हणाली. नात्यागोत्याचं एवढं भान हिला माझ्या घरच्या कार्यातही नसतं.

"आणि आपल्या आंब्यावरचे तुडतुडे?" ही एकदा जेवताना म्हणाली. "तेसुद्धा यांचे लांबचे भाऊबंदच."

आमची थोडी कलमं आहेत. मोहोर आला की तुडतुडे येतात, आणि तुडतुडे आले की पाठीला पंप लावून मी फवारत फिरतो.

"म्हणजे मी इतकी वर्षं तुझ्या माहेरच्यांवर औषध मारत होतो," मी म्हटलं.

बाकी कोणीही हसलं असतं. ही म्हणाली, "भात वाढू?"

ग्रुपवरच्या कोणीतरी अमेरिकेहून लिहिलं होतं की तिकडे यांचा एक ठिपकेवाला, आतून लालभडक पंखांचा भाऊ चीनमधून येऊन द्राक्षांच्या मळ्यांत घुसलाय आणि लोकांना सांगितलंय, दिसला की चिरडा. ही ते वाचून हळहळली. मला त्या देशाबद्दल एकदम आदर वाटला.

इथवर मी सहन केलं असतं. पण गणपतीच्या आधी, आषाढ संपता संपता, मुंबईहून पुतणीचा फोन आला.

धाकट्या भावाची ही मुलगी, नऊ-दहा वर्षांची. दर वर्षी गणपतीला येते. आमच्याकडे चतुर्थीच्या दुपारी जेवणं झाली, झोपा झाल्या, चहा झाला, की संध्याकाळच्या आरतीपर्यंतचा वेळ माझा असतो. पडवीत सतरंजी पडते, शेजारपाजारचे येतात, समोर माजघरात गणपती, आणि मी गोष्ट सांगतो. वर्षभर बर्फाच्या लाद्या मोजणाऱ्या माणसाला तेवढी एकच जागा असते जिथं तो बोलला की लोक गप्प बसतात. त्यातही ही पुतणी माझ्या मांडीला टेकून बसायची आणि "मग?" म्हणायची. त्या 'मग?'वर मी पुढचं वर्ष काढत असे.

"काका," ती फोनवर म्हणाली, "या वर्षी गोष्ट नको हां. काकू किडे दाखवणारे. टीव्हीला फोन जोडून. मोठ्ठे दिसतात."

'गोष्ट नको.' मी ते शब्द जिभेवर फिरवून बघितले. कच्चं कोकम चावल्यासारखं झालं. पण मीही कसलेला माणूस. म्हटलं, "अगं, पण त्यातल्या एका किड्याची गोष्ट तर मलाच माहीत आहे. त्याच्या नाकात दिवा असतो. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी एका तांडेलाची होडी अडकली होती, इंजीन बंद, वर काळोख, खाली काळोख. आणि डोलकाठीवर येऊन बसला कोण? तर हा. नाक पेटवलं त्यानं. त्या उजेडात तांडेलानं होडी..."

तिकडे शांतता होती. मी मनात म्हटलं, लागला गळ. मग ती म्हणाली, "एक मिनिट हं काका." थोडी टिकटिक ऐकू आली, आणि आमच्या स्वयंपाकघरातून फोनची 'टिंग'. "काका, तो पेटत नाही. मी काकूला मेसेज करून विचारलं. त्याचं नाक आतून पोकळ असतं. पूर्वी कोणीतरी चुकून तसं लिहिलं म्हणून नाव पडलं."

स्वयंपाकघरातून हिचं हसू ऐकू आलं.

"चुकून लिहिलं नसणार," मी म्हटलं. "त्याला गोष्ट सांगता येत असणार."

पण तिनं फोन ठेवला होता. मी पडवीत एकटाच बसून विचार केला. नाक मोठं, आत पोकळ, उजेडाचा पत्ता नाही, आणि नाव मात्र कंदील. त्या किड्याबद्दल मला पहिल्यांदाच थोडी जवळीक वाटली.

त्याच बैठकीत मी ठरवलं. हिच्या खानदानात एक जण कमी होता. सोंडवाला. लांब, वर वळलेल्या सोंडेचा, सगळ्या कंदिलांतला खरा कंदील. सरांच्या म्हणण्याप्रमाणे तो आमच्या बाजूला असायला हवा, पण ही दोन पावसाळे शोधत होती आणि तिला तो दिसला नव्हता. तोच मी गाठायचा, आणि चतुर्थीच्या दुपारी, भरल्या पडवीत, माझ्या गोष्टीत आणून बसवायचा. मग बघू टीव्ही कोण लावतं.

श्रावणभर मी झाडं तपासली. कामावरून आलो की न्हाणीत जाऊन, कपडे बदलून, "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचो. कातळाचा सडा, पाणंद, देवळामागची राई. किंजळ, ऐन, सावर, फणस, सगळ्यांच्या खोडांना प्रदक्षिणा. मुंगळे दिसले, गोगलगाई दिसल्या, एक हिरवा साप दिसला आणि त्यानंतर दोन दिवस मी फक्त लांबूनच झाडं बघितली. शेजारचे म्हातारबाबा गुरं घेऊन जाता जाता थांबले.

"काय ओ, झाडानं उसनं नेलान काय तुमच्याकडून? रोज तगादा लावलाव तो."

"तब्येतीसाठी फिरतोय," मी म्हटलं.

"खोडाला नाक लावून?"

घरी आलो की ही विचारायची, "कुठं जाता हो एवढे?" मी म्हणायचो, "असाच." हिला संशय आला असेल, पण भलताच, कारण एक दिवस तिनं मला साखरेची तपासणी करून घ्यायला सांगितलं.

सोंडवाला काही दिसला नाही. चतुर्थी येऊन ठेपली. भाऊ, भावजय, पुतणी आली. पुतणीनं मला वाकून नमस्कार केला, आणि वाकलेली ती तशीच आत पळाली. "काकू! नवीन कुठला?"

गणपतीच्या डोक्यावर आमच्याकडे माटी टांगतात. लाकडाची चौकट, तिला रानातली फळंफुलं बांधायची. नारळ, सुपारीचं शिपटं, लाल गोल कवंडळं, शेरवडाची पांढरी पानं, हरणाची पिवळी फुलं, आंब्याच्या पानांचे टाळ, जे काही त्या दिवसांत रानानं दिलंय ते देवाच्या माथ्यावर. माटी बांधणं माझ्याकडे. त्या कामात मला अजून कोणी मॅडम आडवी आलेली नाही. पहाटे पाऊस धरून होता. मी कोयता घेऊन निघालो आणि मिळेल ते ओरबाडून आणलं. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या आंबाड्याचा एक भरगच्च घोस चांगल्या मनगटाएवढ्या फांदीसकट तोडला, ओलाच घरी आणला आणि मधोमध बांधला. खरं सांगायचं तर त्या सकाळी मी किड्यांचा विचार सोडला होता. हरलेल्या माणसासारखा गाठी मारत होतो.

भटजी येऊन गेले. आरती सुरू झाली. भाऊ ढोलकीवर, झांजा माझ्याकडे. आमच्या घरी आरतीचा आवाज मी उचलतो. बाकीचे मागून येतात. गणपतीची झाली, शंकराची सुरू केली, आणि सहज वर बघितलं.

आंबाड्याच्या फांदीवर सोंडवाला बसला होता.

फांदीबरोबरच आला असणार. पावसात गारठून तिथंच चिकटून राहिला असणार, आणि मी त्याला माझ्या हातानं, गाठ मारून, देवाच्या डोक्यावर टांगला होता. माझ्या झांजेचा ताल चुकला. भावानं डोळे वटारले. मी ताल पकडला, पण मान खाली केली नाही.

केवढा देखणा होता! आता लिहितानाही मला त्या मेल्याचा हेवा वाटतो. मी डोळे न मिटता बघत राहिलो. आरती संपली की गर्दी हलणार, ओवाळणार, कापराचा धूर होणार, हा उडणार. म्हणून शंकराची संपताच मी देवीची सुरू केली. देवीची संपली, विठोबाची. विठोबाची संपली तशी भावानं ढोलकी खाली ठेवायला घेतली. मी दत्ताची उचलली.

"दादा," भाऊ दातांतून म्हणाला, "कापूर संपला."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. "अहो, देवाला भूक लागलीय! मोदक गार होतायत!"

मी थांबलो नाही. डोळे वर लागलेले, पापणी हलत नाही, धुरानं पाणी वाहतंय. भावजयीनं पदर डोळ्यांना लावला. "यंदा दादांचा भाव काही वेगळाच आहे," ती शेजारणीला म्हणाली. पुतणी बापाच्या कानात म्हणाली, "काका रडतायत."

शेवटी आवाज बसला म्हणून थांबलो. सोंडवाला जागच्या जागी होता.

आता हाक मारायची. एवढंच करायचं होतं. भिंतीपलीकडे मोदकांच्या वाफेत ही उभी होती. 'अगं, ये' म्हटलं असतं तर पिठाच्या हातांनी धावत आली असती. मी तोंड उघडलंसुद्धा. मग मला फणसावरचा तो पहिला राजा आठवला, आणि टीव्हीला जोडायची ती काळी वायर दिसली, जी हिनं सकाळपासूनच कपाटावर काढून ठेवली होती. उघडलेल्या तोंडात मी भावजयीनं हातावर ठेवलेला प्रसादाचा मोदक घातला.

तीन-चार तासांचा तर प्रश्न. गोष्ट सांगायची, रंगवायची आणि शेवटी बोट वर करायचं, 'आता बघा.' माझ्या उभ्या आयुष्यात असा शेवट मला मिळाला नव्हता.

जेवताना मी ताट मुद्दाम अशा जागी मांडून घेतलं की माटी दिसावी. तूप सांडलं, लक्ष नाही. जेवण झाल्यावर माजघराच्या दारातच चटई टाकली. "इथं कुठं वाटेत?" ही म्हणाली. मी म्हटलं, "देवाजवळ बरं वाटतंय." आणि पहाऱ्याला बसलो. म्हणजे आडवा झालो. उकडीचे मोदक, वर साजूक तूप, बाहेर पाऊस. पहारा करणाऱ्याला याहून वाईट परिस्थिती नसते.

कपबशांच्या आवाजानं जाग आली. पडवीत सतरंजी पडली होती, मंडळी जमत होती, ही वायर घेऊन टीव्हीमागे वाकली होती. मी ताडकन उठलो. वर बघायचा मोह झाला, पण आवरला. गोष्टीचा एक नियम आहे, सांगणाऱ्यानं शेवट आधी उघडून बघायचा नाही. असल्या नियमांवर मी जन्मभर चाललोय.

"आधी माझी," मी म्हटलं. "लहानशीच आहे."

"दिव्याची नको हां काका," पुतणी म्हणाली.

"दिव्याची नाही. खरी."

यावर सगळी पडवी हसली. हसू दे म्हटलं. मी सांगायला घेतली. एका माणसाची बायको किड्यांच्या नादी लागते इथपासून. श्रावणातली झाडं, म्हातारबाबांचा तगादा, हिरवा साप थोडा लांब केला. लोक रंगात आले. पुतणी सरकत सरकत मांडीशी आली आणि "मग?" म्हणाली. दोनदा म्हणाली. मग माटी, मग आरती, मग मान वर, आणि... मी आवाज खाली आणला, हात उचलला. "आणि तो अजूनही तिथंच आहे. बघा!"

सगळ्यांनी माना वर केल्या.

नारळ होता. सुपारी होती. कवंडळं होती, आंबाड्याचा घोस होता, आणि सगळ्यांभोवती लाल-निळे दिवे लुकलुकत होते. मी झोपलो असताना भावानं हौसेनं दिव्यांची माळ सोडली होती.

"कुठाय?"

"तो काय, कवंडळ!" भाऊ म्हणाला. "दादा, सोंड दिसतेय बघ त्याची!"

अशी हसली मंडळी, की देवासमोरची समई हलली असती. मी स्टुलावर चढलो, टाळ बाजूला केले, फांदी चारही बाजूंनी बघितली. नव्हता. पुतणीनं माझा हात धरून मला खाली उतरवलं. "चांगली होती काका," ती समजुतीनं म्हणाली. "फक्त शेवट नाही जमला."

मी सतरंजीवर बसलो. पुढचं आता ठरलेलंच होतं. टीव्ही लागणार, 'मोठ्ठे' दिसणार. मी टीव्हीकडे बघितलं तर तो तसाच काळा. ही वायर हातात धरून उभी होती, आणि हसत नव्हती.

"सोंड सरळ होती की वळलेली?" तिनं विचारलं.

"वळलेली. वर. माडाच्या पोयीसारखी."

"केवढी?"

"अंगाएवढी. जरा कमी."

"रंग?"

"तांबूस, तपकिरी. त्यावर पांढरे बारीक ठिपके. मीठ भुरभुरावं तसे."

"आणि पंख?"

"शेवाळी, फिकट डागांचे. एकदाच उघडले त्यानं, माझी झांज जोरात वाजली तेव्हा. आत निळसर. कडेला काळे."

ही दोन पावलं पुढे आली.

"एवढं कधी बघितलंत तुम्ही?"

"आरतीत. म्हणून तर दत्ताची घेतली."

"आणि मी तेव्हा आत मोदक उकडत होते."

"होय."

"भिंतीपलीकडे."

"होय."

"आणि तुम्ही मला हाक मारली नाहीत."

मी हिचा चेहरा बघत होतो. ओठ आत घेतलेले, नाकपुड्या जराशा फुगलेल्या, डोळे माझ्यावर असून माझ्यामागच्या फांदीवर. हा चेहरा मी कुठं बघितलाय ते चटकन आठवेना. मग आठवलं. श्रावणभर, दाढी करताना, आरशात.

हिनं वायर खाली टाकली, विजेरी आणली, स्टुलावर चढली. माटीवरचं विसर्जनापर्यंत काही सोडत नाहीत, म्हणून हात न लावता, एकेक पान मान वाकडी करून तपासलं. मग वासे, मग पडदा, मग गणपतीचं मखर. पुतणीनं विजेरी धरली, भावानं मुकाट्यानं दिव्यांची माळ काढली. टीव्ही लागलाच नाही. ना माझी गोष्ट पुरी झाली ना हिचे किडे; शेजारीपाजारी माना वर करून बसून राहिले आणि संध्याकाळच्या आरतीची वेळ झाली. या खेपेला झांजा भावानं वाजवल्या. आम्ही दोघंही देवाकडे सोडून बाकी सगळीकडे बघत होतो.

रात्री हिनं ताट वाढलं ते जरा जोरात. मी जेवता जेवता विचार करत होतो. पंचवीस वर्षांत माझ्या एकाही गोष्टीवर या बाईचा विश्वास बसलेला नाही. तांडेल आला की ती उठून भांडी घासायला जाते. मी जन्मभर खोट्या गोष्टी गावाला खऱ्या वाटतील अशा सांगितल्या, आणि एकदाच खरी सांगितली तर ती गावात कोणालाच पटली नाही. एक सोडून.

सकाळी जाग आली ती हिच्या आवाजानं. परसात फोन चालू होता. मी न्हाणीच्या दाराआड थांबलो. चोरून ऐकण्यात मी आता तरबेज झालो आहे.

"हो सर, सोंडवालाच. नाही सर, फोटो नाही. नाही, मी नाही बघितला, आमच्या ह्यांनी बघितला."

मग बराच वेळ तिकडचं बोलणं. मला ऐकू येत नव्हतं, पण टकल्याचं म्हणणं काय असेल ते कळत होतं. फोटो नाही म्हणजे नोंद नाही. मिस्टरांचा गैरसमज झाला असेल. दुसरं काही असेल.

"गैरसमज नाही सर," ही म्हणाली. आवाज चढला होता. "ते गोष्टी सांगतात ते खरं आहे. मला कळतं ना त्यांचं कुठलं कसलं असतं ते. खोटं सांगताना ते कधी एवढं नीट सांगत नाहीत."

मी दाराआड उभा राहून हे दोनदा मनात म्हणून घेतलं. ही स्तुती होती की निंदा ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण 'मॅडम'नं ती सरांशी भांडून दिली होती एवढं खरं.

चहा मिळाला. त्यात साखर होती. माझ्यासमोर बसून, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, "ती फांदी कुठल्या आंबाड्याची?"

"पऱ्याच्या काठच्या."

"पऱ्याच्या काठी चार आंबाडे आहेत."

"होय."

"मग त्यातला कुठला?"

"सांगून नाही कळायचा," मी म्हटलं. "दाखवावा लागेल."

ती उठली. पायात चपला घातल्या, छत्री घेतली, मोबाइल पिशवीत गुंडाळला. पुतणी "मी पण" म्हणत होती, तिला म्हणाली, "तू माटीवर लक्ष ठेव." मी कोयता घेतला, उगाचच, हातात काहीतरी असलं की माणूस कामाचा दिसतो.

तो आंबाडा आमच्या परसामागून खाली उतरलं की लगेच आहे. मी मात्र वरच्या दगडी गडग्याच्या बाजूनं निघालो. सड्यावर आलो, कातळावर पाणी साचलं होतं, त्यातून छपछप करत गेलो. ही वाटेतल्या प्रत्येक खोडापाशी थांबत होती आणि मी तिच्यासाठी थांबत होतो.

"सर म्हणाले, दिसला तर आधी लांबूनच..." तिनं सुरुवात केली.

"सरांनी बघितलाय का कधी?" मी विचारलं.

"रत्नागिरीत नाही."

"मग?" मी म्हटलं.

ती जराशी हसली. मग मागे वळून घराकडे बघितलं, पुढे बघितलं. "अहो, पऱ्या इकडे कुठं आला? केवढं लांब अजून?"

"आहे थोडं," मी म्हटलं, आणि देवळाच्या वाटेला वळलो.